मागची भिंत

बाळापूरच्या खालच्या वस्तीत रश्मीचं घर विचारलं की लोक 'फौजीचं घर' म्हणून बोट दाखवत. फौजी मात्र तिथे वर्षातून जेमतेम दोनदा दिसे. प्रीतम अरुणाचलात चौकीवर होता. सासू मैनाबाई थोरल्या मुलाकडे अकोल्याला राहायच्या. घरात उरायची रश्मी, तिची तिसरीतली श्रावस्ती आणि नुकताच बालवाडीत जाऊ लागलेला सम्यक. गॅस संपला तर रश्मी, मीटर जळालं तर रश्मी, सम्यकला ताप चढला तर ऑटो शोधायला जाणारी रश्मी आणि घरी श्रावस्तीजवळ थांबायला हवी तीही रश्मीच. कुणी 'कशी आहेस' विचारलं तर आधी तिला जांभई यायची, मग ती 'बरी आहे' म्हणायची.

घराला एक नियम होता. लग्नानंतर आठवडाभरातच मैनाबाईंनी तो सांगितला होता. "हे पाय सूनबाई, तिकडं फोनवर रडाचं नाई. पोट्टं बिमार असो का काई असो, 'सगळं ठीक हाय' म्हनाचं. त्याचं ध्यान इकडं लागलं तं तिकडं काय होईन?"

मैनाबाईंचा नवराही फौजेत होता. त्यांचा धाकटा दीर वारला, ते नवऱ्याला कळलं तो सुट्टीवर येऊन दारात बूट सोडत होता तेव्हा. मधल्या काळात त्यांनी पत्रांतून दिराचा नमस्कारही कळवला होता. ही गोष्ट त्या अभिमानाने सांगत. रश्मी ती ऐकताना दरवेळी उठून काहीतरी कामाला लागायची, पण नियम तिनेही पाळला.

आणि त्या नियमातच मागची भिंत बसली होती. घराची पुढची बाजू प्रीतमने विटा-सिमेंटने बांधून घेतली होती, मागची खोली मात्र जुनी, मातीच्या भिंतीची. मागच्या पावसाळ्यात त्या भिंतीला पोट आलं. रश्मीने लोखंडी कपाट ओढून तिच्यापुढे उभं केलं. प्रीतमचा व्हिडिओ कॉल आला की ती पुढच्या खोलीत, कॅलेंडरच्या बाजूला बसायची. मिस्त्री 'दिवाळीनंतर बघू' म्हणाला होता. प्रीतम सुट्टीवर आला तेव्हा पोरं त्याच्या खांद्यावरून उतरत नव्हती. भिंतीचं तेव्हा कुठे काढायचं? मग तो गेला, आणि ते राहूनच गेलं.

या जुलैत पावसाने सलग झड लावली. शाळेला सुट्टी जाहीर झाली होती. रश्मी सकाळी पोळ्या लाटत होती. पाणी दारातून आलं नाही, मोरीतून उलटं वर आलं. तिने पीठ, दप्तरं, कागदपत्रं पलंगावर टाकली. तोवर गल्लीत गुडघाभर पाणी झालं आणि कोपऱ्यावरचा नाला गढूळ होऊन घोंगावू लागला.

तेवढ्यात प्रीतमचा फोन आला. गावच्या ग्रुपवर त्याने पुलावरून पाणी वाहतानाचा व्हिडिओ पाहिला होता.

"रश्मी, पोट्ट्याईले घे अन् मागच्या खोलीत माळ्यावर चढ. बाहेर निंगू नोको. त्या नाल्याची धार मानूस नेते, मले माहीत हाय."

"हो."

"बाकी ठीक हाय ना?"

"सगळं ठीक हाय," ती म्हणाली. तोंडाला सवयच ती होती. फोन कटला.

माळा लाकडी होता आणि त्याचे वासे त्याच मागच्या भिंतीवर टेकलेले होते. ती खोलीत आली तर श्रावस्ती शिडीवर अर्धी चढलेलीसुद्धा. सम्यक खाली तिच्या फ्रॉकला लोंबकळत होता. रश्मीने कपाटामागे हात घालून भिंतीवर दाबला. हात आत गेला. भिजवलेल्या कणकेत जावा तसा. बाहेर काढला तर मुठीत चिखल आणि कडब्याच्या काड्या.

"उतर."

"पप्पा म्हनले ना वर जा?"

"पप्पाले माहीत नाई, बेटा. उतर."

बाहेरच्या धारेचं प्रीतम म्हणाला ते खोटं नव्हतं. बाहेर पडावं तर नाला, आत थांबावं तर ही भिंत. तिला खूप वाटलं की दुसऱ्या कुणीतरी आता सांगावं, एकदाच, काय करायचं ते. कोणी नव्हतं. तिने सम्यकला ओढणीने पाठीशी बांधलं, श्रावस्तीचं मनगट धरलं आणि दार उघडलं.

गल्लीतल्या पुरुषांनी विजेच्या खांबापासून वरच्या शाळेच्या फाटकापर्यंत दोर बांधला होता. समोरच्या बेबीताई दोराला धरून कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या.

"ओ फौजीनबाई, पाहून काय राहिली? पोट्टी दे इकडं!"

नाल्याच्या तोंडाशी पाय सुटले. रश्मी दोराला नुसती लोंबकळली. सम्यक कानाशी किंचाळत होता. बेबीताईंनी एका हाताने श्रावस्तीला आणि दुसऱ्याने रश्मीच्या दंडाला धरून ओढलं.

"माय वं, काय वजन हाय तुह्या पोराचं! तूप पाजतं काय त्याले?"

रश्मीला हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू.

दुपारी शाळेच्या व्हरांड्यात असताना खालून एक दबका आवाज आला, गोणी टाकल्यासारखा. थोड्या वेळाने एकाने येऊन सांगितलं, फौजीच्या घराची मागची भिंत गेली, माळा, टिनं, सगळं पाण्यात. रश्मीने दोन्ही पोरांचे पाय हातात घेतले आणि कोरड्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसत राहिली, ते केव्हाच कोरडे झाले होते तरी.

मैनाबाईंचा फोन आधी आला. पोरं सुखरूप ऐकून त्या रडल्या. मग लगेच म्हणाल्या, "त्याले सांगजो नोको हं, भिंतीचं."

मग प्रीतमचा आला. "माळ्यावरच हाय ना तुमी?"

हो म्हणणं सोपं होतं. भिंत पुरानेच पडली असंही म्हणता आलं असतं.

"माळा नाई राहिला," रश्मी म्हणाली. "ते भिंत मागच्या सालीच फुगली होती. मी तुमाले सांगतलं नाई. तुमी चढा म्हनलं, अन् पोट्टी चढली होती शिडीवर."

"काहून नाई सांगतलं?" तो ओरडला. "मी पोट्ट्याईले त्या भिंतीवर बसवून राहिलो होतो, रश्मी!"

"सांगून काय केलं असतं तुमी? तिथून भिंत धरली असती काय?" तीही ओरडली. व्हरांड्यातल्या बाया वळून पाहू लागल्या. मग तिचा आवाज खाली आला. "थकली मी. मले नाई होत आता ठीक हाय, ठीक हाय."

तो रडत होता की काय, तिला कळलं नाही. "सुट्टी मागू?" त्याने विचारलं.

"मागा. या तुमी."

मिळेल की नाही हे त्यालाही माहीत नव्हतं. बोलणं संपवून तिने फोन बेबीताईंच्या हाती दिला.

"सासूचा आला तर तुमीच बोला."

"मी काय सांगू माय तिले?"

"सांगतलं म्हना त्याले सगळं," रश्मी म्हणाली आणि सतरंजीवर पोरांच्या मधोमध आडवी झाली. अजून लख्ख उजेड होता, कोणीतरी खिचडीसाठी ताटल्या वाजवत होतं. तिला झोप लागली.