लेकीच्या मेलोट्रॉनमधला आमचा ‘आ’

काल अमरावतीला माझ्या लेकीच्या बँडचा प्रोग्राम झाला, आणि आज सकाळपासून मी ज्याला त्याला फोन करून भंडावून सोडलंय. जे सुटले त्यांच्यासाठी ही पोस्ट!

केतकी माझी धाकटी. हे लोक प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवतात... म्हणजे एकेक गाणं एवढं लांब की तेवढ्यात कुकर होऊन जातो. त्यात हिचं वाद्य मेलोट्रॉन. दिसायला पेटीसारखं, पण प्रत्येक पट्टीला टेपचा वेगळा तुकडा. पट्टी दाबली की टेपवरचा आवाज काही सेकंद वाजतो, बोट उचललं की टेप परत मागे. माझ्या वयाचं वाद्य, पण जगभरचे रॉकवाले अजून त्याला सोडत नाहीत म्हणे.

आता असली मेलोट्रॉन अकोल्यात कुठून आणायची? पोरीनं जुने टेपरेकॉर्डर खोलून स्वतःच एक बनवली. आवाज भरायला बार्शीटाकळीचं आमचं बायकांचं भजनी मंडळ एका खोलीत कोंबलं, पंखासुद्धा बंद! एकेका स्वरात नुसता ‘आ’... घामाघूम झालो, पण हौस दांडगी.

गिटारवाला सोहेल मात्र वैतागला होता. हाच आवाज लॅपटॉपमधून बिनधोक निघतो, मग हे धूड कशाला वाहायचं? शेवटी ठरलं, कालच्या प्रोग्रामात या वाद्यानं दगा दिला तर यापुढे लॅपटॉपच. केतकी मला एवढंच म्हणाली, “आई, लॅपटॉपातल्या बाया कोण कुठल्या... ह्या माह्या हायेत.”

आम्ही सगळ्याजणी पहिल्या रांगेत. एका गाण्याच्या मध्यात फक्त तिचं वाद्य आणि सोहेलची गिटार सुरू होती... आणि हॉलचे दिवे मंदावले. व्होल्टेज पडलं! टेप हळू झाली आणि आमचा ‘आ’ खाली खाली घसरायला लागला, शेतातली मोटर रडते तसा. शेजारी जाऊबाई म्हणाल्या, “बुडालं वो बाई!”

केतकी थांबली नाही. एक पट्टी सोडून दुसरी, दुसरी सोडून तिसरी... आणि नजर सोहेलवर. त्यानं ओळखलं. गिटारच्या तारा सैल करत तोही तिच्या मागोमाग खाली उतरला. व्होल्टेज आलं तशी दोघं बरोबरच वर चढली... आणि अख्खा हॉल उभा! लोकांना वाटलं, मुद्दाम बसवलंय.

प्रोग्राम संपल्यावर मीच धीर करून सोहेलला विचारलं, “बेटा, आता लॅपटॉप काय?”

“लॅपटॉप गेला खड्ड्यात, काकू. पुढच्या प्रोग्रामले बी हेच पाहिजे आमाले.”

भरल्या सभेत आपला आवाज घसरला, तरी आपल्याला न सोडणारी लेक मिळायला नशीब लागतं... मला मिळाली!