पायाला बांधलेली चिठ्ठी

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात देवराव बाटल्या सांभाळायचा. स्पिरिट कमी झालं की भरायचं, झाकणं मेणानं बंद करायची आणि आतल्या प्राण्याच्या पायाला चिठ्ठी बांधायची. कुठे सापडला, कधी, कोणी पकडला. लिहायचं पेन्सिलीनंच, शाई स्पिरिटात विरघळते. शिपाई असून हे काम त्याच्याकडे आलं ते त्याच्या अक्षरामुळे.

सदुसष्ट साली सहल दार्जिलिंगला गेली. विभागप्रमुख मनोहरराव होते, त्यांचा जावईही होता. जावई लॉजवर रजई पांघरून बसला. डोंगरातल्या डबक्यात, कमरेएवढ्या गार पाण्यात देवराव उतरला आणि पालीच्या आकाराचा, बेडकाच्या कातडीचा एक सॅलमँडर ओंजळीत घेऊन वर आला. सर हरखले. "देवराव, ही जात शास्त्राला नवी निघाली तर नाव तुझंच!"

त्या गारठ्यानं गुडघे धरले ते धरलेच. पण त्याच्या बायकोनं, गोपिकानं, वस्तीत साखर वाटली.

"ह्यांच्या नावाचं जनावर पुस्तकात येऊन राहिलं."

"पाल का वं?"

"पाल तुह्या घरी!"

वर्षानं लेख छापून आला. प्राण्याला नाव सरांच्या गुरूंचं. पकडणारा म्हणून जावई. नमुना कलकत्त्याच्या संग्रहालयात जायचा होता. सर म्हणाले, "चिठ्ठी लेखाप्रमाणे हवी. दुसरी लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

देवरावनं दोरा कापला, पेन्सिलीला टोक काढलं आणि जावयाचं नाव सुवाच्य लिहिलं.

"तुमी काहून लिहून देल्लं?" गोपिकानं विचारलं.

"नोकरी हाये वं."

"नोकरी बाटल्या भरायची हाये. सोताचं नाव काढून द्यायची नाई."

त्याच्या नावाची जुनी चिठ्ठी तो खिशात घालून घरी घेऊन आला होता. ती तिनं रेशनकार्डात ठेवली.

अकरा वर्षं गेली. सर निवृत्त झाले. एक दिवस नव्या प्रेमिला मॅडम मासिक घेऊन हसत आल्या. "देवराव, सरांनी दिलेलं नाव बुडालं! हा प्राणी शंभर वर्षांपूर्वीच एका इंग्रजानं नोंदवलेला निघाला. आधीचं नाव तेच खरं."

देवरावला फार बरं वाटलं. "म्हणजे सारंच गेलं?"

"नाव गेलं. नमुना कुठे जातो? बाटलीत राहील, चिठ्ठीसकट. तपासणारे चिठ्ठीच वाचतात. इथेही छापलंय बघा, कोणी पकडला ते."

छापलं होतं. जावयाचं नाव.

घरी त्यानं सांगितलं तेव्हा गोपिका तांदूळ निवडत होती. ती उठली, रेशनकार्डातून चिठ्ठी काढली. अक्षरं काल लिहिल्यासारखी होती.

"हे पाठवा कलकत्त्याले. दाखवा त्याह्यले."

"कोण मानते वं?" देवराव म्हणाला. "दोन्हीवर अक्षर माहंच हाये."

गोपिकानं चिठ्ठी पुन्हा कार्डात घातली आणि कार्ड पिशवीत टाकलं. उद्या रेशनच्या दुकानात रॉकेल येणार होतं.