जेठांसमोरचा पदर आणि फोनची हजेरी

बायांनो, सकाळपासून हसतेय. चौथीपर्यंतच शिकले मी, लिहिताना चुकलं तर समजून घ्या.

मी नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जाते. आता तिथं फोनमध्ये चेहरा दाखवला तरच हजेरी लागते, नाहीतर खाडा. आणि फोन धरणारे मुकादम कोण, तर माझे जेठ, आमच्या ह्यांचे थोरले भाऊ! ते दिसले की माझा हात आपोआप पदर पार हनुवटीपर्यंत ओढतो. लग्नापासूनची सवय, काय करू?

आज तीनदा असंच झालं. मागे रांग खोळंबली. माझ्यासोबत देठ खुडणारी कमल ओरडली, “मावशी, फोनले तरी तोंड दाखाड!”

तेवढ्यात जेठच बोलले, “मी डोया मिटी लेस. आते दाखाड.”

आणि डोळे घट्ट मिटून, फोन पुढे धरून उभे राहिले की हो! मी पदर सारला, हजेरी लागली. इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट बोलले ते आज पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं!

पण रोज त्यांनी डोळे मिटायचे का? मी ठरवते, पण हात ऐकतच नाही. तुम्ही अशी जुनी सवय कशी मोडली, सांगा ना.