लेखावरचं माहेरचं नाव

आमच्या विद्यापीठात प्राध्यापकांच्या प्रभावी संशोधनासाठी एक पुरस्कार असतो. यंदा तो मला मिळाला. संशोधन प्रभावी आहे की नाही हे ठरवायची रीत आता सोपी झाली आहे. जगात किती जणांनी तुमच्या लेखाचा आधार घेतला, ते संगणक सांगतो. संगणकाच्या हिशेबानं मी अगदी बेताची बाई. माझ्या नावावर जे लेख आहेत, त्यांना फारसं कुणी विचारत नाही. ज्या एका लेखाला लोक अजून विचारतात, तो मी लग्नाआधी लिहिला, आणि त्यावर माझं माहेरचं नाव आहे. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं तसं पाळण्यातलं नावही बदलायची पद्धत. त्यामुळे संगणकाला वाटलं, या दोन निराळ्या बायका आहेत. त्याचं फार चुकलं असं मला वाटत नाही.

बाबा बडोद्याजवळ कोयलीच्या रिफायनरीत पाइपलाइनच्या देखभालीवर होते. जेवायला बसलो की आमच्याकडे गंजाच्या गोष्टी चालायच्या. कुठला पाइप वरून कसा छान दिसतो आणि आतून कसा पोखरलेला असतो, आम्लानं लोखंडाचं काय होतं, सगळं वरणभाताबरोबर. मी रसायनशास्त्र घेतलं आणि पुढे गंजावरच पीएच.डी. करायला बसले, तेव्हा आई म्हणाली, "दुसरं काही मिळालं नाही का? बापानं काय घरात कमी गंज आणला?"

संध्याकाळी कंपनीची बस कॉलनीच्या फाटकाशी थांबायची आणि बाबा वळणावरूनच मला हाक मारायचे. माझं नाव तीन अक्षरी. त्यातलं मधलं अक्षर ते इतकं लांबवत, की शेजारच्या गुजराती काकी ओट्यावरून म्हणायच्या, "लो, आवी गया तारा पप्पा!" मी हातातलं टाकून धावायची. काम काहीच नसायचं. "काही नाही, आलो," एवढंच सांगायचे आणि चपला काढायला लागायचे.

लेख परदेशी नियतकालिकात छापून आला, तेव्हा बाबांनी चष्मा लावून तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिला. काही कळलं नाही, आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. मग माझ्या नावाखाली बोट ठेवलं आणि म्हणाले, "नाव काढलंस हो पोरी." त्याच वर्षी माझं लग्न झालं.

सासर बडोद्यातलंच, दांडिया बाजारातलं. जुन्या संस्थानाच्या फौजेत असलेलं घराणं. तलवारी गेल्या, शिस्त तेवढी राहिली. मोठ्या जाऊबाईंचं नाव नेमकं माझंच होतं. "एका घरात एका नावाच्या दोघी, कशाला तो घोळ?" असं सासूबाई म्हणाल्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. सगळ्यांनी पेढे खाल्ले. बाबा कोपऱ्यात उभे राहून ते नाव पुटपुटत पाठ करत होते. पुढे फोन सासूबाईंनी उचलला, की गडबडून आधी जुनं नाव सांगायचे, मग नवं, आणि मग नुसतंच "तब्येत बरी आहे ना?" विचारून ठेवून द्यायचे. गंमत म्हणजे आमचे हे मला आजवर "अगं" म्हणत आले. तेवढ्यासाठी नाव बदलायची काही गरज नव्हती.

नोकरी लागण्याआधी गॅझेटात नाव बदलून घेतलं. मग शिकवणं, परीक्षा, मुलं, सासूबाईंचं दुखणं. प्रयोगशाळेत दिवसदिवस बसणं सुटलं ते सुटलंच. बाबा गेले, त्यांच्यामागून आईही गेली. भाऊ धाकटा, तो ताई म्हणतो. असं करत करत मला त्या नावानं हाक मारणारं कुणीच उरलं नाही. एखादं माणूस आठवावं तशी मला त्या नावाची आठवण येते. स्वयंपाक करताना मी ते कधीकधी स्वतःशीच म्हणून बघते, पण आपणच आपल्याला हाक मारण्यात काही अर्थ नसतो.

गेल्या वर्षी विभागात परिसंवाद होता. जवळच्या सावली गावच्या कॉलेजात शिकवणारी एक तरुण मुलगी चहाच्या वेळी माझ्याजवळ आली. तिच्या मोबाइलवर माझा तो लेख होता. लेखिकेच्या नावावर बोट ठेवून तिनं विचारलं, "मॅडम, आ बेन हजी वडोदरामां ज छे? तमे ओळखो छो एमने? पछी एमनुं कंई आव्युं ज नहीं." या लेखानंतर बाईंचं काहीच छापून आलं नाही, याचं तिला नवल वाटत होतं.

"ओळखती हती," मी म्हणाले.

पोरीचा चेहरा पडला. 'हती' ऐकून तिला वाटलं, बाई वारल्या. मग मला हसू आलं आणि मी सांगून टाकलं की ती मीच. ती वाकून पाया पडली, आणि पाच मिनिटांत ही बातमी विभागप्रमुखांपर्यंत पोचली. ते गुजराती गृहस्थ, वयानं माझ्याहून लहान. कपाळावर हात मारून म्हणाले, "आटलां वर्ष चूप केम रह्यां, बेन?" त्यांनीच माझं नाव पुरस्कारासाठी पुढे केलं. गॅझेटाची प्रत जोडली, आणि दोन बायकांची एक झाली.

पुरस्कार जाहीर झाला तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. मंचावरून ते नाव एकदा पुकारलं जावं. भर सभागृहात, लाउडस्पीकरवर, मोठ्यानं. मी कार्यालयात गेले. तिथले अधिकारी माणूस म्हणून भले, पण नियमाचे पक्के. "सर्विस बुकमां जे नाम होय ए ज बोलाय, बेन. स्टेज पर बे नाम सारां न लागे." उभ्या नोकरीत मी कधी रजेसाठीसुद्धा आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. लेख जिनं लिहिला तिला बोलवायचंच नाही, तर पुरस्कार देताय कुणाला, असं विचारलं. ते गोड हसले आणि म्हणाले, "जोईशुं." बडोद्यात राहणाऱ्याला या 'पाहू'चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

तरी आशा वेडी असते. समारंभात मी पहिल्या रांगेत बसले होते. निवेदन करणाऱ्या मुलीनं माझं सासरचं नाव पुकारलं. मग तिनं लेखाचं शीर्षक वाचलं. मी पायऱ्यांवरच थांबले. आता म्हणेल, आता म्हणेल. ती म्हणाली, "टाळ्या!" शाल मिळाली, स्मृतिचिन्ह मिळालं, फोटो झाला.

हे मकरपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. अशा समारंभांत त्यांना अवघडल्यासारखं होतं. कार्यक्रम संपताच ते बाहेर गाडीपाशी जाऊन उभे राहिले होते.

"चिडलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चिडली आहेस. मी मागे बसून ऐकत होतो. नाही घेतलं ते नाव त्यांनी."

मला वाटलं नव्हतं त्यांच्या लक्षात असेल. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि माझं माहेरचं नाव घेतलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. उच्चार अगदी बरोबर, आवाजात माया. मला इतके दिवस वाटत होतं की हाक कुणाचीही चालेल, फक्त कानावर पडू दे. आणि आता ती पडली, तर माझ्या तोंडून ओ निघेना.

त्यांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. दोघंतिघं वळून पाहायला लागले.

"चुकतंय का काही?"

"नाही हो. बरोबर आहे."

"मग ओ का देत नाहीस?"

"बाबा नाहीत ना," मी म्हणाले, आणि निवृत्तीला आलेली प्राध्यापक बाई मी, खांद्यावरच्या शालीत तोंड खुपसून पार्किंगमध्येच रडायला लागले.