गिरणीच्या बोळातली विहीर

बदलापूर गावात आमच्या घरी यायचं तर रिक्षावाल्याला अजूनही "गिरणीच्या बोळात" असंच सांगावं लागतं. भाताची गिरण जाऊन किती वर्षं झाली देव जाणे. तिथे आता मोबाइलचं दुकान आणि वर क्लासेस. चिंच गेली, पार गेला, लाकडाची वखार गेली, पत्ते मात्र अजून त्यांच्याच नावाने चालतात. स्टेशनपलीकडे शिरगावात नव्याने राहायला आलेले लोक हसतात आम्हाला. हसा बापडे! तुमच्या बिल्डिंगखाली काय होतं, ते तरी तुम्हाला कुठे ठाऊक आहे?

मला ठाऊक होतं. तेच माझं दुखणं.

आमच्या मागच्या अंगणात विहीर होती. अख्खा बोळ तिच्यावर पाणी भरायचा. नळ आले तशी ती नकोशी झाली. डास झाले, एकदा मांजर पडलं, तेव्हा सगळे म्हणाले, बुजवा. पण माझी सासू एक नंबरची खमकी. म्हणाली, "जिनं जन्मभर पाणी पाजलं तिच्या तोंडात दगडमाती घालता? पाप लागेल. देवाचं काय ते टाका." झालं! बोळातली माणसं घरचं निर्माल्य आणून टाकायला लागली. सुकलेले हार, नारळाच्या शेंड्या, जुन्या तसबिरी, गणपतीची मखरं, सत्यनारायणाचे केळीचे खांब. सासू गेली तेव्हा तिची कापसाची गादीसुद्धा मीच ढकलली आत. भरता भरता विहीर काठोकाठ भरली. वर माती पसरून मी तुळस लावली. दर वर्षी ती तुळस वीतभर खाली बसायची आणि दर वर्षी मी दोन घमेली माती टाकायचे. आत एक दगड म्हणून नव्हता.

मग बिल्डर आला. आमचं घर आणि शेजारची दोन मिळून सात मजले उठणार होते. आम्हाला दोन फ्लॅट, एक आमचा, एक मुलाचा. मोजमाप घ्यायला आलेल्या इंजिनिअरने मला विचारलं, "मावशी, इथे जुनी विहीर वगैरे होती का? असेल तर तेवढी जागा सोडून बांधावं लागेल." जागा सुटली की मुलाचा फ्लॅट गेला, हे न कळण्याइतकी मी बावळट नव्हते. नवरा आनंदनगरला, कंपनीत फर्स्ट शिफ्टला. विचारणार कोणाला? मी म्हटलं, "छे हो! तुळस होती नुसती." वर त्याला आलं घालून चहा पाजला.

शेजाऱ्यांनाही फ्लॅट मिळणार होते, तेव्हा त्यांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. पाया खणताना काळी, भुसभुशीत माती निघाली. मुकादम म्हणाला, "जमीन भारी आहे तुमची." मी मान डोलावली. पुढे शेजारी घरं विकून गेले, नवरा वारला, मुलाला तर तेवढी तुळसच आठवत होती, आणि विहीर नेमकी कुठे होती हे सांगणारी मी एकटीच उरले.

सून उल्हासनगरची. तिच्या माहेरच्या बिल्डिंगवर लाल रंगात 'धोकादायक' लिहिलेलं. लहानपणी स्लॅबकडे बघत झोपायची म्हणे. लग्न होऊन आली तेव्हा म्हणाली, "आई, इथे कशी गाढ झोप लागते मला!" त्यानंतर ती हे जेव्हा जेव्हा म्हणायची, तेव्हा मी उगाच भांडी आवरायला उठायचे.

गेल्या वर्षी पार्किंगमधल्या तिसऱ्या खांबापाशी लादीला भेग पडली. त्या खांबाच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, मुलाची झोपायची खोली. तिचं दार लागेना. सुताराने रंधा मारला, चार महिन्यांत परत अडकायला लागलं. मुलगा म्हणाला, "लाकूड फुगलंय." मी म्हटलं, "असेल." काय बाई मी तरी! आई आहे की वैरीण?

मग नात झाली. सव्वा महिना झाला की आमच्यात बाळंतीण विहीर पुजते. आता कुठल्या विहिरी? बायका नळाला हळदकुंकू लावतात आणि मोकळ्या होतात. पण माझ्या थोरल्या जाऊबाई आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "घरची विहीर असताना नळ पुजतेस होय गं? वर इमला बांधला म्हणून काय झालं? जागा दाखव."

सकाळचे अकरा वाजले असतील. मुलगा कामावर. पार्किंगमध्ये सात-आठ बायका जमलेल्या, हातात घुगऱ्यांचं ताट. गेटजवळची जागा दाखवून मोकळी झाले असते, कोणाला कळणार होतं? पण इंजिनिअरशी खोटं बोलणं वेगळं आणि नातीच्या पूजेत खोटं बोलणं वेगळं. त्याचं पाप तिच्या डोक्यावर. माझे पाय आपोआप तिसऱ्या खांबाकडे गेले.

सुनेने भेगेपाशी हळदकुंकू वाहिलं, खण-नारळ ठेवला आणि तांब्या ओतला. पाणी पसरलंच नाही. गटगट आवाज करत सगळं आत गेलं. तिने दुसरा तांब्या ओतला. तोही गेला.

"घेतलं गं बाई माउलीनं!" म्हणत, बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या जाऊबाईंनी हात जोडले. बायकाही खूश.

सून मात्र उठली नाही. तिने भेगेकडे पाहिलं, मग खांबावरून नजर वर नेली, पार तिच्या खोलीच्या स्लॅबपर्यंत. ती नजर उल्हासनगरची होती.

"आई, इथे विहीर होती हे बिल्डरला माहीत होतं ना?"

"नाही."

"तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं," मी म्हटलं.

तिने रिकामा तांब्या माझ्या हातात दिला, जाऊबाईंच्या मांडीवरून बाळाला उचललं आणि ती अनवाणीच गेटबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. बायका ओरडल्या, "अगं, ओली बाळंतीण तू, उन्हात काय उभी राहतेस? आत ये!" ती आली नाही. तिथूनच मला म्हणाली, "बाकीच्यांनाही खाली बोलवा. तुम्हीच बोलवा."

मी तांब्या घेऊनच जिना चढले आणि पहिल्या दाराची बेल दाबली. समोरच्या बाईने हात पुसत दार उघडलं.

"काय हो मावशी, पूजा झाली?"

"खाली या," मी म्हटलं. "आपल्या खाली विहीर आहे."