मामाची फाईल आणि माझं झाड

सहली आखण्यासाठीच जन्माला आलेला माणूस अख्ख्या दुबईत एकच होता, आणि तो नेमका माझा धाकटा मेहुणा निघाला. मुलांचा स्प्रिंग ब्रेक दोन महिन्यांवर आला की तो डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी फाईल घेऊन हजर व्हायचा, आणि तिथून पुढे माझी मुलं माझी राहायची नाहीत. त्याचा नियम एकच: आपली अमिरात, म्हणजे दुबई, सोडून सहल न्यायची नाही. "स्वतःच्या घरातल्या खोल्या बघून झाल्या नाहीत, भाऊजी, शेजाऱ्यांकडे कशाला डोकावायचं?" तेजीचे दिवस होते, लोक सिंगापूरला जायचे आणि त्याला हसायचे. आम्ही जायचो हत्ताला. हत्ता डोंगरातलं असलं तरी दुबईचंच. पण वाटेत शेजारच्या शारजा अमिरातीची हद्द लागते. ती लागली की हा काचा वर करायला लावी, वेफर्सचं पाकीट बंद करी आणि गंभीरपणे म्हणे, "आत्ता आपण इथे नाही." मागून पोरं कुजबुजत, "वी आर नॉट हिअर." हद्द संपली की अरबीत "यल्ला!", म्हणजे चला, आणि पुन्हा वेफर्स. एकदा त्या हद्दीत मी चहासाठी गाडी थांबवली, तर पोटच्या पोरांनी माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघितलं.

सहलीआधी सुट्टीच्या एका शुक्रवारी तो एकटाच जाऊन रंगीत तालीम करून यायचा. कुठल्या पंपावरचं टॉयलेट स्वच्छ, कितव्या वळणावर धाकटीला मळमळतं, सगळं फाईलमध्ये. मी जळायचो, सरळ सांगतो. बाप मी, गाडी माझी, स्टिअरिंगवर मी, आणि हिरो मामा. बायको म्हणायची, "अहो, मामानं लाड नाही करायचे तर कुणी?" म्हणणं खरं होतं, म्हणून जास्तच झोंबायचं. जिंकलो मी एकदाच, दोन हजार आठच्या मार्चमध्ये. जेवायची जागा त्याला सापडेना, नकाशा उलटासुलटा करत बसला, आणि मला डावीकडे एक डेरेदार झाड दिसलं. "डॅड फाउंड इट!" पोरं ओरडली. त्या झाडाचं नाव 'डॅड्स ट्री' पडलं आणि मी ते वर्षभर ऑफिसात सांगत फिरलो.

मग मंदी आली. माझी नोकरी कशीबशी टिकली, त्याची गेली. व्हिसाची मुदत संपत आली, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर, यंदाची सहल माझी. लाज वाटते, पण आलं खरं. पुण्याला परत निघताना विमानतळावर त्यानं फाईल माझ्या हातात ठेवली. "सहल चुकवू नका, भाऊजी."

निघायच्या आदल्या दिवशी मी ती उघडली. गेल्या वर्षीच्या पानावर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दीड वाजता जेवण. जागा सापडत नाही असं दाखवावं. झाड भाऊजींना दिसेलच. न दिसल्यास गाडी हळू घ्यायला सांगावी. मुलांना कळू देऊ नये.'

दुसऱ्या दिवशी शारजाच्या हद्दीत मी स्वतःच काचा वर केल्या. वेफर्स बंद केले. मागे कुणी कुजबुजलं नाही. झाडाखाली चटई टाकली तेव्हा मुलगा म्हणाला, "युअर ट्री इज स्टिल हिअर, डॅड." आणि थोड्या वेळानं, "बट इट्स बोअरिंग विदाउट मामा." मी हो म्हटलं.

बरोबर दीड वाजता पुण्याहून फोन आला. "भाऊजी, सापडलं का झाड?"

"सापडलं."

"तुम्हालाच सापडणार ते," तो म्हणाला.

त्या क्षणी मला त्याचा जितका हेवा वाटला, तितका आधी कधीच वाटला नव्हता.