पाच वेळा, पोटभर

नाझेच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या झाखो गावाला ठाऊक होतं. कुणाची शेळी आटली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, हे खाबूर नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांना आधी नाझेकडून कळायचं आणि मग त्या त्या घरच्यांना. अशा बाईने एक गोष्ट मात्र एकोणीस वर्षं पोटात ठेवली होती. नवऱ्यालाही सांगितली नव्हती. आणि ती बाहेर काढायची वेळ आली तीही तिच्याच जिभेमुळे.

यहुदी मोहल्ल्यात नदीच्या बाजूला तिच्या दोन खोल्या. नवरा मुर्दख तराफेवाला. डोंगरातली लाकडं तराफ्यावर बांधून मोसलपर्यंत न्यायची, म्हणजे अर्धं वर्ष घराबाहेरच. तीन मुलं झाली आणि एकही जगलं नाही. तिसरं गेलं त्याच आठवड्यात पाणचक्कीवाल्या तहसीनची बायको बाळंतपणात गेली. तहसीन मुसलमान, कुणाशी चार शब्द न बोलणारा माणूस. तो अंगातल्या कोटात बाळ गुंडाळून नाझेच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला बोलता येईना. नाझेनेही काही विचारलं नाही. तहसीनला बस म्हणायच्या आधी पोर तिच्या छातीला लागलं होतं.

ते पोर म्हणजे सालार. दोन वर्षं तो तिच्या दुधावर वाढला. तहसीनच्या धर्माप्रमाणे त्या दुधाने ती त्याची आई झाली, अगदी खरीखुरी. नाझेच्या धर्माप्रमाणे काहीच झालं नाही, एक पोर गुबगुबीत झालं इतकंच. नाझेने विचार केला, मुलगा मिळतोय तर भांडायचं कशाला? ह्या एका बाबतीत तिने मुसलमानांचा कायदा खुशाल मान्य करून टाकला.

सालार तिला ‘दाये’ म्हणायचा, म्हणजे आई. मुर्दख वारल्यावर तर दर शनिवारी सकाळी येऊन तिची चूल तोच पेटवून द्यायचा, कारण त्या दिवशी यहुद्याने विस्तव लावायचा नाही.

“तुमच्या देवाला शनिवारीच बरी थंडी वाजत नाही,” तो फुंकर घालत म्हणायचा.

“वाजते, म्हणून तर तुला पाठवतो.”

जेवायला बसला की कुब्ब्यांबरोबर, म्हणजे मांस भरलेल्या गोळ्यांबरोबर, दही मागायचा आणि शिव्या खायचा. मांस आणि दूध नाझेच्या घरात एका ताटात येत नसत, भांडीसुद्धा वेगळी. हे त्याला पुरतं ठाऊक होतं. शिव्या खायला आवडायच्या म्हणून तो मागायचा.

सालार वीस वर्षांचा झाला तेव्हा त्याचं लग्न ठरलं, लोकरीचे नमदे करणाऱ्या घरातल्या परीखानशी. मुलगी त्याच्याहून वर्षभराने लहान, हुशार आणि जरा फटकळ. दोघांनी एकमेकांना पाणवठ्यावर लांबून हेरलं होतं हे नाझेला माहीत होतं, म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. लग्नाच्या चार दिवस आधी परीखानच्या आईकडे, गुलेकडे, अंगणात बायका तांदूळ निवडायला बसल्या. नवऱ्या मुलाची आई म्हणून नाझेला जाड गादी दिलेली. मान मिळाला की माणसाची जीभ आणखी सैल होते.

“ह्यांची भांडणं होणार नाहीत बघ,” ती गुलेला म्हणाली. “दोघंही माझंच दूध प्यालेली.”

एकेक हात थांबला. तांदळाचा आवाज बंद झाला.

“दोघं?” गुले म्हणाली. “माझी परी कधी?”

“अगं, तुला ताप आला होता ना, शुद्ध नव्हती तुला. ही दोन महिन्यांची. तुझ्या सासूने आणून दिली, दीड दिवस होती माझ्याकडे.”

“सासूबाई तर म्हणाल्या, शेळीचं दूध पाजलं.”

“शेळीचं!” नाझेला रागच आला. “छातीत दूध असताना मी दोन महिन्यांच्या पोरीला शेळीचं पाजीन?”

कुणीच हसेना तेव्हा तिच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिच्या समजुतीप्रमाणे दुधाची आई व्हायला सालारसारखं वर्ष-दोन वर्षं पाजावं लागतं. दीड दिवसाचं काय एवढं? पण एका दुधाची पोरं म्हणजे भाऊ-बहीण, आणि भावा-बहिणीचं लग्न कुठल्याच धर्मात लागत नाही.

मुल्ला यासीन आले. म्हातारे, बारा गावचं पाणी प्यालेले गृहस्थ. त्यांनी शांतपणे सांगितलं, “दोन वर्षांच्या आतलं मूल वेगवेगळ्या वेळी पाच वेळा पोटभर प्यालं, तरच ती बाई आई होते. चार वेळा प्यालं असेल तर काही नाही, लग्न लावा. उद्या दुपारी सांगा मला. नाझे, नीट आठवून ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी परीखान आली. दारातून आत येताच तिने आधी ओढणी तोंडावरून पुढे ओढली, सालार तिथे असेल म्हणून. तो नव्हता.

“मावशी, चार म्हणा.”

“मोजू तर दे मला.”

“मोजू नका. नुसतं म्हणा. आयुष्यभर तुमची चाकरी करीन.”

“पोरी, माझ्याच मुलाचं लग्न मोडायची मला हौस आलीय का?”

“मग झालं तर! तुमच्या धर्मात ह्याला काही अर्थसुद्धा नाही. तुमचं काय जातंय?”

नाझेने मुलीच्या गालावरून हात फिरवून तिला घरी पाठवलं आणि मग मोजलं. खरं तर मोजायची गरज नव्हती. तो दीड दिवस तिला घटकान्‌घटका पाठ होता.

गुलेची सासू पोर घेऊन आली ती किप्पूरच्या आदल्या दिवशी. किप्पूर म्हणजे वर्षभराच्या पापांच्या माफीचा उपास. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. पोर आल्या आल्या प्यालं, एक. प्रार्थनेहून परत आल्यावर, दोन. पहाटे, तीन. दुपारपर्यंत नाझेचं अंग सुकून गेलं. पोर ओढायचं, काही येत नसे, रडायचं. शेळीचं दूध बोटाने चाटवलं तर ओकलं. सव्वा वर्षाच्या सालारने भाकरी कुस्करून खाल्ली, त्याचं निभलं. पोरगी मात्र रडायची थांबली, आणि रडायची थांबली तेव्हा नाझे घाबरली. तीन मुलं गमावलेली बाई ती. ती शांतता तिच्या ओळखीची होती. सगळा मोहल्ला प्रार्थनाघरात माफी मागत छाती बडवत होता तेव्हा नाझेने दार लावलं, माठातून पाण्याचे तीन वाडगे प्याली आणि खजूर खाल्ले. तासाभराने पोरगी पोटभर प्याली. चार. चांदण्या दिसल्यावर आजी न्यायला आली तेव्हा पुन्हा प्याली. पाच.

दुपारी गुलेच्या अंगणात सगळे जमले. यहुद्यांचे धर्मगुरू हाखाम शबताईही आले होते. ते आणि मुल्ला जुने दोस्त, चहा घेता घेता भांडल्याशिवाय दोघांचाही दिवस जात नसे.

“तुमच्याकडे दुधाला काही किंमतच नाही, हे कसं काय?” मुल्ला म्हणाले. “देव एक, बाप इब्राहीम एक, आणि कायदा हा असा?”

“तुमच्या पैगंबरांना दाईने वाढवलं,” हाखाम म्हणाले. “गावातली पोरं वाळवंटात दायांकडे जायची. मग कोण कुणाचं हे ठरवायला नको? आम्ही मूठभर लोक, आज ह्या राज्यात, उद्या त्या. आमचा कायदा सगळा चुलीभोवती. पानात काय पडलं, भांडं कुठलं, कधी खाल्लं. तेवढं सांभाळलं म्हणून यहुदी उरले.”

“म्हणजे बाईने काय दिलं ते आम्ही मोजतो, आणि तिने काय खाल्लं ते तुम्ही.”

“लिहून ठेवा, आज पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललात.” मग हाखाम नाझेकडे वळले. “आणि हा प्रश्न मी सोडवूनच आलोय. पोरगी कधी आणली? गुले म्हणते, ताप चढून तिची शुद्ध गेली ती किप्पूरच्या आदल्या दिवशी. मग नाझेचा उपास होता. निर्जळी उपासात बाईचं दूध दुपारपर्यंत आटतं, कुठल्याही सुईणीला विचारा. पाच वेळा येणार कुठून? तीन, फार तर चार. हो ना गं नाझे?”

अंगणातल्या सगळ्यांनी श्वास सोडला. परीखान दाराआडून पुढे आली. कोपऱ्यात उभ्या सालारच्या तोंडावर हसू फुटलं. मुल्लांनी दुआ मागायला हात वर केले.

किती सोपं होतं! हो म्हणायचं. तेही नाही, नुसती मान हलवायची. लग्न होणार, पोरं सुखी, आणि नाझेची झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं सांगितलं तर एका दगडात सगळेच मरणार होते. सालारचं लग्न जाणार, आणि आपल्या सगळ्या मोहल्ल्यासमोर ती किप्पूर मोडलेली बाई ठरणार. पण तिला आई करणारा तो एकच कायदा होता. तो आपल्याला हवा तेव्हा घ्यायचा आणि नको तेव्हा फसवायचा, हे तिला जमेना.

“पाच,” ती म्हणाली.

“पाच कसे?” हाखाम म्हणाले.

“मी पाणी प्याले. दुपारी. तीन वाडगे, आणि खजूर खाल्ले. पोर मरत होतं.”

हाखामांच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. यहुदी बायकांतली एक हळूच ‘अगंबाई’ म्हणाली.

“एकोणीस वर्षं?” हाखाम म्हणाले. “माझ्या वडिलांना तरी विचारायचं होतंस. तेव्हा ते हाखाम होते.”

“आणि त्यांनी नको म्हटलं असतं तर?”

“तर?”

“तरी मी प्याले असते. मग दोन पापं झाली असती.”

हाखाम तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांना हसू आवरेना, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “अगं वेडे, जीव जात असताना विचारत बसतो तोच चुकतो, हे वडिलांनीच मला शिकवलंय.”

“मुसलमानाच्या पोरीसाठीसुद्धा?”

“त्यावर आमच्यात पुष्कळ वाद आहेत,” हाखाम हसू पुसत म्हणाले. “माझं उत्तर हो.”

नाझेच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की तिला बसावंच लागलं. एकोणीस किप्पूर ती सगळ्यांत जोरात छाती बडवत आली होती, आणि लोक तिला भाविक म्हणत होते.

मुल्लांनी हात खाली घेतले. “कायद्याने मला हिची साक्ष घेता येत नाही. एकटी बाई, त्यात आमच्या धर्माची नाही. कागदावर मी लग्न लावू शकतो. सालार, तू सांग.”

सालारचा चेहरा पांढरा पडला होता. “मुल्लाजी, तिला आई म्हणायचं आणि तिचा शब्द मानायचा नाही, असं कसं करू?” तो खाली बघतच बोलला. “आईने पाच म्हटलं. पाच.”

गुले ताडकन उठली. तिला लग्न मोडल्याचं दुःख होतं की नाही कोण जाणे, ती नाझेजवळ येऊन बसली आणि तिचे दोन्ही हात हातात धरून रडायला लागली. “मला वाटायचं शेळीने जगवली. सासूबाई म्हणाल्या शेळी, म्हणून मी त्या शेळीला मरेपर्यंत विकली नाही गं! आणि तू रोज माझ्या दारावरून जायचीस.”

परीखान जागची हलली नव्हती. सगळे तिच्याकडे बघायचं टाळत होते. शेवटी ती चालत नाझेसमोर आली.

“चार म्हणाली असतीस तर कुणालाच कळलं नसतं.”

“नसतं कळलं.”

“आणि ते पाणी प्याली नसतीस तर?”

परीखानने वाकून नाझेचा हात ओठांना लावला, मग कपाळाला, आणि बराच वेळ कपाळावरून काढलाच नाही. “दाये,” ती म्हणाली. एवढंच. मग ती सरळ उभी राहिली आणि ओढणीच्या टोकाने तोंड पुसायला लागली. ओढणी डोक्यावरून घसरून खांद्यावर आली. सालार दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तिने ओढणी पुन्हा वर घेतली नाही, आणि आता भावासमोर ती घ्यायला तिला कुणी सांगू शकत नव्हतं. तिचे केस सालारने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्याने एकदा मान फिरवली, आणि मग परत वळवली.

“दायेला घरी सोडायचंय,” तो म्हणाला. “येतेस?”

“येते.”

“आणि ऐक, तुझ्यासाठी नवरा आता मीच बघणार. पाणचक्कीवाला तर मुळीच नको.”

“तुझ्यासारखा तर नकोच,” परीखान म्हणाली, आणि हसता हसता पुन्हा रडली.

बाजारातून तिघं निघाली तेव्हा सगळी दुकानं बघत होती. नाझेचे गुडघे दुखत होते म्हणून एका बाजूने सालारने धरलं होतं, दुसऱ्या बाजूने परीखानने. तिच्या तिन्ही बाळांपैकी एकानेही पहिलं पाऊल टाकलं नव्हतं. ही दोघं धडधाकट पावलं टाकत होती, आणि तिला हळू चालावं लागतंय म्हणून हळू चालत होती. देवा, तुझे उपकार, नाझे मनात म्हणाली, आणि मग तिच्याने राहवेना, म्हणून मोठ्याने म्हणाली.